राउटर सुरू होतो, पण वाय-फाय धड चालत नाही: भलत्याच मशीनचा डंप लिहिला गेलाय का, ते कसं ओळखायचं

आधी लक्षणं. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलताना राउटर डेड झाला. जपून ठेवलेला डंप, म्हणजे चिपमधल्या सगळ्या मजकुराची जशीच्या तशी नक्कल, प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने चिपवर लिहिला आणि राउटर उठला. दिवे लागले, सेटिंगचं पान उघडलं, केबलवर इंटरनेटही आलं. मात्र वाय-फायचं नाव दिसत नाही, किंवा दिसलं तरी शेजारच्या खोलीत गेल्यावर सिग्नल गळतो. काही वेळा दोन राउटर एकमेकांना जोडायला गेलं की ते जुळतच नाहीत. दर रीबूटला मॅक पत्ता, म्हणजे मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बदलणारे राउटरही मी पाहिले आहेत.

वर्षभरात चार-पाच वेळा तरी असं मशीन माझ्या टेबलावर येतं. आणणाऱ्याचा अंदाज बहुतेक ठरलेला असतो: अँटेना गेली, किंवा वाय-फायची चिप गेली. तपासल्यावर दहातल्या आठ-नऊ वेळा हार्डवेअर ठणठणीत असतं आणि गोंधळ फाइलींचा निघतो. कोणती फाइल कुठल्या मशीनची, त्यातली मूळ कोणती आणि आपण बदललेली कोणती, याचा मेळ सुटलेला असतो. हा मेळ माझाही एकदा सुटला होता. त्याची किंमत एका द्राक्ष बागायतदाराला ऐन छाटणीच्या दिवसांत मोजावी लागली, म्हणून तेच प्रकरण नीट सांगतो.

आमच्या नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर एक बाग आहे. मालकांना आम्ही सगळे नाना म्हणतो. त्यांच्याकडे एकाच मॉडेलचे दोन राउटर होते, दोन्ही अथेरॉस कंपनीच्या जुन्या चिपचे आणि ८ एमबी फ्लॅशचे. फ्लॅश म्हणजे सगळं साठवणारी चिप. एक घरी, दुसरा बागेतल्या पंपाच्या खोलीत. बागेतल्या राउटरला हवामान केंद्र जोडलेलं. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की कोवळी फूट बाहेर येते, आणि त्या दिवसांत पान किती तास ओलं राहिलं हे वेळेवर कळलं तर डाऊनी या रोगावरची फवारणी नेमकी करता येते. म्हणून ही जोडणी त्यांच्यासाठी फार महत्त्वाची होती. दोन्ही राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकायचं काम पावसाळ्यात माझ्याकडे आलं. काम करण्याआधी दोन्हींचे पूर्ण डंप काढले, इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण ते एकाच फोल्डरमध्ये ठेवले. एकाचं नाव बॅकअप, दुसऱ्याचं बॅकअप कंसात एक.

ऑक्टोबरमध्ये बागेतला राउटर डेड झाला. विजेच्या लपंडावात त्याचं लिखाण अर्धवट राहिलं होतं. मी तो सातपूरला आणला, चिपच्या पायांना प्रोग्रॅमरची क्लिप लावली, बॅकअप नावाची फाइल लिहिली, राउटर उठला आणि परत बागेत लावला. पण घरच्या राउटरशी तो जुळेना. दोन दिवस मी चॅनेल बदलले, अँटेनाची दिशा बदलली, केबलची टोकं नव्याने क्रिम्प केली. शेवटी नानाच राउटर उलटा करून म्हणाले, "भाऊ, खाली कागदावर लिहिलंय ते आणि तुमच्या मोबाइलवर दिसतंय ते वेगळंच आहे की."

ते बरोबर होतं. मोबाइलवर दिसत होता तो घरच्या राउटरचा मॅक पत्ता. मी घरच्याचा डंप बागेतल्यात लिहिला होता. एकच पत्ता असलेली दोन मशीन वायरलेसवर एकमेकांना जोडायची म्हणजे तिसऱ्या जन्मीही जमणार नाही.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच. राउटर उलटा करा, लेबलवरचा मॅक वाचा आणि सेटिंगच्या पानावर दिसणाऱ्या मॅकशी ताडून पाहा. लॅन, वॅन आणि वाय-फाय यांच्या पत्त्यांत शेवटच्या अंकाचा एक-दोनचा फरक असतो, तो चालतो. पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या असतात, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन राउटरमध्ये त्या सारख्याच निघू शकतात. खरी ओळख शेवटच्या तीन जोड्यांत. तिथे मेळ नसेल तर अँटेना उघडायच्या भानगडीत पडू नका. दोन संशयित राउटर एकाच स्विचला लावून दोन्हींना पिंग करत राहिलात तरी हे कळतं. पत्ता एकच असेल तर स्विच कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर पाकिटं पाठवतो आणि उत्तरं आलटून-पालटून तुटतात.

आता हे का होतं. राउटरची फ्लॅश म्हणजे एकच सलग वही, पण तिचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे राउटर उठवणारा छोटा प्रोग्रॅम. मग कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि मुख्य फाइल प्रणाली. तिच्यामागे तुमची सेटिंग जिथे साठते तो भाग. आणि शेवटी, अथेरॉसच्या राउटरमध्ये, ६४ केबीचा एक तुकडा, ज्याला आर्ट म्हणतात. मीडियाटेकच्या राउटरमध्ये याच कामाच्या भागाला फॅक्टरी म्हणतात, आणि तो बहुधा बूटलोडरच्या पाठोपाठ असतो. या तुकड्यात त्या एका मशीनच्या रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. कोणत्या चॅनेलवर किती ताकद द्यायची, हे कारखान्यात त्याच बोर्डावर मोजून लिहिलेलं असतं. कर्नल पुन्हा डाउनलोड करता येतो, बूटलोडरही कुठून ना कुठून मिळतो. हा तुकडा मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फर्मवेअर फाइलमध्येही नाही. ८ एमबी म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, आणि त्यातले हे ६५,५३६. फ्लॅशचा एकशे अठ्ठाविसावा हिस्सा. बॅकअप घ्यायचा तो मुख्यतः याच्यासाठी.

टीपी-लिंकच्या बऱ्याच जुन्या अथेरॉस राउटरमध्ये आणखी एक खोच आहे. त्यांचा मॅक आर्टमध्ये नसून बूटलोडरच्या १२८ केबीच्या भागात शेवटाकडे लिहिलेला असतो. त्यामुळे दुसऱ्याचा बूटलोडर जसाच्या तसा लिहिला तरी पत्ता बदलतो, आर्टला हातही न लावता. दोन्ही भाग त्याच मशीनचे हवेत.

लक्षणावरून कारण असं ओळखतो. मॅक दुसऱ्याच मशीनचा आणि वाय-फाय चालू पण कमकुवत: पूर्ण डंप भलत्याचा आहे. वाय-फायचं उपकरणच दिसत नाही आणि लॉगमध्ये ईप्रॉम (म्हणजे हाच कॅलिब्रेशनचा मजकूर) अवैध असल्याची ओळ येते: आर्ट कोरं झालंय किंवा अर्धवट लिहिलं गेलंय. मीडियाटेकच्या राउटरमध्ये दर वेळी नवा, मनाने ठरवलेला पत्ता: फॅक्टरीचा भाग रिकामा आहे. यातलं तिसरं लक्षण लोक सहज सोडून देतात, कारण वाय-फाय चालत असतं. पण तिथेही कॅलिब्रेशन गेलेलंच असतं.

डंपमध्ये हा तुकडा जिवंत आहे का, हे फाइलीतले बाइट हेक्स आकड्यांत दाखवणाऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये दोन मिनिटांत दिसतं. अथेरॉसचा डंप असेल तर फाइलच्या शेवटच्या ६४ केबीत जा. सगळीकडे एफएफ एफएफ दिसलं तर तिथे काहीच नाही. मग लेबलवरच्या मॅकचे सहा बाइट त्या फाइलीत शोधा. सापडले तर फाइल याच मशीनची. नानांच्या प्रकरणात मी हेच केलं. दोन्ही डंपांमध्ये दोन्ही लेबलांचे पत्ते शोधले आणि दहा मिनिटांत कळलं की बागेतल्या राउटरची खरी फाइल कंसात एक वाली होती. ती सुखरूप होती हे नशीबच. ती लिहिली, राउटर बागेत लावला आणि पहिल्याच फटक्यात जोडणी झाली.

मूळ डंप काढताना चार ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, सेटिंगच्या पानावरचं बॅकअपचं बटण. त्यातून निघणारी छोटी दाबलेली फाइल म्हणजे फक्त तुमची सेटिंग: पासवर्ड, इंटरफेस, फायरवॉल. त्यात ना बूटलोडर, ना कर्नल, ना आर्ट. "बॅकअप आहे माझ्याकडे" असं सांगत येणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिकांकडे हीच फाइल असते. ती जरूर ठेवा, पण तिने डेड राउटर उठत नाही.

दुसरं, ओपनडब्ल्यूआरटीच्या आतून काढलेला डंप. राउटरवरच्या प्रॉक फोल्डरमधल्या एमटीडी फाइलीत भागांची यादी मिळते आणि त्यातला प्रत्येक भाग कॅट किंवा डीडी या आज्ञांनी फाइलीत उतरवता येतो. ही पद्धत चांगली आहे, राउटर उघडावा लागत नाही. पण ज्या टीएमपी फोल्डरमध्ये आपण त्या फाइली उतरवतो तो फोल्डर फ्लॅशवर नसतो, रॅममध्ये असतो. रीबूट झाला की सगळं पुसलं. भाग उतरवले, त्याच जोशात नवं फर्मवेअर टाकलं आणि मग आठवलं की फाइली राउटरमध्येच राहिल्या, असं मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलंय. आधी त्या एससीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल नेणाऱ्या आज्ञेने, संगणकावर आणा, आकार बघा, आणि मगच पुढे जा.

याच पद्धतीत आणखी एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. दोनदा डंप काढला आणि दोन्हींचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) जुळला नाही, म्हणून वाचन चुकलं असं वाटतं. चालू राउटर सेटिंगच्या भागात अधूनमधून लिहीतच असतो, त्यामुळे तो भाग दोन वाचनांत वेगळा येणं साहजिक आहे. बूटलोडर आणि आर्ट मात्र दोन्ही वेळा बाइट-बाइट सारखे आलेच पाहिजेत. म्हणून पूर्ण फाइलीचा एकच हॅश न काढता भागांचे वेगळे हॅश काढा.

तिसरं, क्लिप. राउटर बंद, अडॅप्टर काढलेला, सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप. इथे चिप स्थिर असते, कोणी लिहीत नसतं, म्हणून तीन वाचनं घ्यायची आणि तिन्हींचे हॅश तंतोतंत जुळायला हवेत. जुळले नाहीत तर एकही फाइल मूळ म्हणून ठेवू नका. बहुतेक वेळा कारण असं निघतं की प्रोग्रॅमरच्या ३.३ व्होल्टवर बोर्डावरचा मुख्य प्रोसेसरही जागा होतो आणि तोही त्याच चिपमधून वाचू लागतो. रीसेटची लाइन दाबून धरणं, तारा आखूड करणं, क्लिपचे दात साफ करणं, यांनी बरंच सुधारतं. तरी जुळत नसेल तर चिप उतरवून वाचा. सगळा डंप एफएफ किंवा सगळा शून्य आला तर क्लिप बसलेलीच नाही. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार तिथे.

त्या प्रोग्रॅमरबद्दल एक सूचना मनापासून. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या काळ्या बोर्डाच्या प्रकारात चिपचा पुरवठा ३.३ व्होल्टचा असला तरी सिग्नलच्या पायांवर ५ व्होल्ट येतात. पुष्कळ चिप ते सोसतात, काही सोसत नाहीत. आणि १.८ व्होल्टची चिप असेल तर वेगळा अडॅप्टर लावल्याशिवाय क्लिप लावूच नका. चिपवरचा नंबर भिंगाने वाचून, तिचं डेटाशीट उघडून, व्होल्टेज पाहूनच तार जोडायची.

चौथं, नँड फ्लॅश, हा फ्लॅशचा दुसरा प्रकार. वरचं सगळं आठ पायांच्या नॉर चिपबद्दल आहे. नँडमध्ये कारखान्यातूनच काही खराब ब्लॉक असू शकतात आणि प्रत्येक पानासोबत दुरुस्तीच्या कोडचे जादा बाइट असतात. तिथे साध्या डीडीने काढलेला डंप जसाच्या तसा परत लिहिणं धोक्याचं. नँडडंपसारखं त्यासाठीचंच साधन वापरा आणि भाग वेगळे ठेवा. यावर सविस्तर लिहायला वेगळी बैठक लागेल.

आता फाइलींची मांडणी. नानांच्या प्रकरणानंतर मी जी बसवली ती सांगतो.

फोल्डर मॉडेलच्या नावाने करत नाही, मशीनच्या नावाने करतो. नाव म्हणजे आधी मॉडेल, मग हार्डवेअर आवृत्ती, मग मॅकच्या शेवटच्या तीन जोड्या. हार्डवेअर आवृत्ती गाळून चालत नाही. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन या एकाच नावाखाली १४ आवृत्त्या निघाल्या. १२व्या आवृत्तीपर्यंत अथेरॉस घराण्याची चिप होती, १३व्यापासून मीडियाटेक आली. बाहेरून डबा जवळजवळ तोच, पण आतला प्रोसेसर वेगळ्याच जातीचा. १२ची फाइल १३त चालणं शक्यच नाही. म्हणून लेबलचा आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकतो. सहा महिन्यांनी लेबल ओल लागून पुसट झालं तरी फोटोत वाचता येतं.

त्या फोल्डरच्या आत एक मूळ नावाचा फोल्डर. त्यात डंप, भागांच्या सुट्या फाइली, आणि प्रत्येकीचा शा-२५६ लिहिलेली एक साधी मजकुराची फाइल. हा फोल्डर भरला की केवळ-वाचनीय करून टाकतो, आणि पुढे त्यातली फाइल उघडायची असेल तर आधी तिची नक्कल काम नावाच्या फोल्डरमध्ये करतो. हेक्स एडिटरमध्ये पाहता पाहता चुकून एक कळ दाबली जाते आणि बंद करताना सवयीने जतन होतं, त्याला हाच एक इलाज आहे. फाइल बदललीय असा संशय आला तर हॅश पुन्हा काढून ताडतो. विंडोजवर सर्टयूटिलने निघतो, लिनक्सवर शा२५६सम. ६४ अक्षरांपैकी पहिली आणि शेवटची सहा पाहून समाधान मानू नका, पूर्ण ओळ मशीनलाच ताडू द्या.

काम फोल्डरमध्ये पसारा असतो, तो असायलाच हवा. पण राउटरवर टाकायची फाइल तिथून थेट जात नाही. आधी ती तयार नावाच्या तिसऱ्या फोल्डरमध्ये जाते, नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. त्या क्रमाने लिहिलं की यादी आपोआप कालानुक्रमे लागते. फायनल, नवीन, बरोबर असले शब्द नावात घेत नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचा अर्थ उरत नाही. नावं साध्या रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता. बूटलोडरच्या टीएफटीपीला (नेटवर्कवरून फाइल घेण्याची साधी सोय) बाकी काही पचत नाही. आणि विंडोजमध्ये फाइलीचं शेपूट, म्हणजे नावाच्या टोकाचं बिन वगैरे, दिसेल अशी सेटिंग आधीच करून घ्या. ते लपलेलं असलं की बिन ला आणखी एक बिन लागतं आणि टीएफटीपी फाइल सापडत नाही म्हणतो. टीपी-लिंकचे अनेक राउटर रीसेट दाबून चालू केले की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाचीच फाइल मागतात. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं बूटलोडरच गेला.

ड्राइव्हवर ठेवणाऱ्यांसाठी: गुगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली राहू देतं. डाउनलोड करताना त्यातली कोणती आली हे नावावरून कळत नाही. माझ्या चुकीचं मूळ तिथेच होतं. कंसातला आकडा ब्राउझरने नंतर लावला होता, त्याचा मशीनशी काही संबंध नव्हता.

फर्मवेअर उघडून आत बदल करणाऱ्यांकडे एक वेगळीच तक्रार येते: काहीच विशेष बदललं नाही, फक्त एक पान बदललं, पुन्हा बांधलं, टाकलं, आणि सिरियल कन्सोलवर (बोर्डाला तार जोडून दिसणाऱ्या संदेशांत) कर्नल पॅनिक. इनिट, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, सापडत नाही म्हणतो. इथे मी आधी एकच विचारतो, उघडलेलं फोल्डर कुठे ठेवलं होतं? उत्तर येतं, पेनड्राइव्हवर. राउटरच्या फाइल प्रणालीतल्या बहुतेक आज्ञा सुट्या फाइली नसतात. ते बिझीबॉक्स नावाच्या एकाच फाइलीकडे बोट दाखवणारे सांकेतिक दुवे असतात. फॅट३२ आणि एक्सफॅटला असे दुवे ठाऊकच नाहीत. फाइलींच्या परवानग्याही तिथे टिकत नाहीत. घरी उघडलं, पेनड्राइव्हवर घालून दुकानात आणलं, पुन्हा बांधलं, की दुवे गळालेले असतात. म्हणून उघडलेलं झाड लिनक्सच्या विभाजनातच ठेवा, आणि हलवायचं असेल तर टार नावाच्या एकाच फाइलीत गुंडाळून हलवा. विंडोजच्या आतलं लिनक्स वापरत असाल तर काम त्याच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये करा, सी ड्राइव्हवर नको. विंडोजच्या ड्राइव्हवर एकाच नावाच्या लहान-मोठ्या अक्षरांच्या दोन फाइली एकमेकींवर चढतात, तो घोळ शोधता शोधता दिवस जातो.

त्याचाच भाऊबंद म्हणजे ओळीचा शेवट. राउटर सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट विंडोजवरच्या एखाद्या एडिटरमध्ये बदलली आणि ती राउटरवर "सापडली नाही" म्हणते, फाइल समोर दिसत असूनही. ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा चिन्ह बसलेलं असतं, आणि राउटर त्या चिन्हासकट दुभाष्याचं, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव शोधतो. असल्या मजकुराच्या फाइली, पॅच आणि टिपा मी गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ठेवतो. काय बदललं आणि का, हे दोन ओळींत लिहूनच पुढे जातो. ८ किंवा १६ एमबीचे डंप गिटमध्ये कोंबत नाही, त्यांचा तिथे उपयोग नाही.

मूळ फर्मवेअरकडे परतताना आणखी एक फाइल फसवते. जुन्या टीपी-लिंक अथेरॉस राउटरसाठी कंपनीच्या ज्या फाइलीच्या नावात बूट हा शब्द असतो, तिच्यात सुरुवातीला बूटलोडरही असतो. ओपनडब्ल्यूआरटीमधून ती तशीच फर्मवेअरच्या भागात लिहिली की सगळं १,३१,५८४ बाइटनी सरकतं आणि राउटर उठत नाही. आधी तेवढा भाग कापावा लागतो. डीडीने ५१२ बाइटचे २५७ ठोकळे वगळले की नेमकं तेवढंच होतं. कापलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि नावातच कापलेली असं लिहा. मूळ डाउनलोड तसंच राहू द्या.

डेड झालेला राउटर क्लिपने उठवताना पूर्ण डंप लिहायची गरज दर वेळी नसते. प्रोग्रॅमर चालवणाऱ्या फ्लॅशरॉम या साधनाला भागांची मांडणी सांगणारी लेआउट फाइल दिली तर फक्त फर्मवेअरचा भाग लिहिता येतो, बूटलोडर आणि आर्टला स्पर्श होत नाही. नानांच्या राउटरमध्ये मी हे केलं असतं तर फाइल चुकूनही पत्ता शाबूत राहिला असता. आणि लिहिण्याआधी, मशीन कितीही मेलेलं असलं तरी, आत्ता चिपवर जे आहे ते एकदा वाचून ठेवा. कर्नल बिघडलेला असेल, पण शेवटचे ६४ केबी बहुधा जिवंत असतात. मूळ डंप कधी काढलाच नव्हता अशा किती तरी राउटरचं कॅलिब्रेशन मी डेड चिपमधूनच परत मिळवलंय.

प्रत एकाच जागी नको, हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडे त्याला एक खास कारण आहे. गोदावरीला पूर आला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं, की सराफ बाजाराकडच्या दुकानदारांची धावपळ सुरू होते. त्या भागात एका मित्राचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने संगणक वर उचलला पण खालच्या खणातली डंपची हार्ड डिस्क राहिली. माझ्याकडे एक प्रत दुकानात, एक घरी आणि एक इंटरनेटवर कुलूपबंद असते. कुलूपबंद म्हणजे पासवर्ड लावलेली, कारण पूर्ण डंपमध्ये गिऱ्हाइकाचा वाय-फायचा पासवर्ड, इंटरनेटचं खातं, कधी कधी कॅमेऱ्याचं लॉगिनही साधं वाचता येईल असं असतं. मदत मागताना तो डंप व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली वाटणं. मदत हवी तर सिरियल कन्सोलचा मजकूर द्या, भागांची यादी द्या, हॅश द्या. तेवढ्यावर बहुतेक निदान होतं.

डंप खरोखर चालतो का, हे वेळ मिळाला की एकदा पाहून ठेवतो. त्याच क्षमतेची कोरी चिप घ्यायची, ८ एमबीसाठी डब्ल्यू२५क्यू६४ सहज मिळते, त्यावर मूळ डंप लिहायचा आणि बोर्डावर लावून राउटर उठवायचा. मॅक लेबलशी जुळला आणि वाय-फाय नेहमीसारखं आलं की टिपांमध्ये तारीख घालायची. मूळ चिप अँटिस्टॅटिक पिशवीत, मशीनच्या नावाची चिठ्ठी लावून.

मूळ डंप कुठेच नसेल आणि आर्टही पुसलं गेलं असेल, तर पूर्ण इलाज नाही. त्याच मॉडेलच्या त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या राउटरचं आर्ट उसनं घेऊन, मॅक मात्र या राउटरच्या लेबलवरचा घालून, काम भागवता येतं. वाय-फाय येतं, पण ताकदीचे आकडे दुसऱ्या बोर्डावर मोजलेले असतात. कुठे पल्ला कमी पडतो, कुठे काही चॅनेल नीट चालत नाहीत. असं केलं तर मशीनच्या फोल्डरमध्ये ठळक लिहून ठेवा, आणि राउटरच्या पोटात चिठ्ठीही चिकटवा. माझ्याकडे पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचा असा एक राउटर आहे. तो आला तेव्हाच आर्ट कोरं होतं. उसन्या आर्टवर ऑफिसच्या खोलीपुरता तो चालतो. शीतगृहापर्यंतच्या दुव्यासाठी त्यांना दुसरा राउटर घ्यायला सांगितलं, आणि त्या नव्याचा डंप खोक्यातून काढल्याबरोबर, पहिली सेटिंग करण्याआधीच काढून घेतला.